डोळ्यात वाढलेलं मांस काढताना: कोणता ग्राफ्ट, कोणासाठी, आणि का

डोळ्यात मांस वाढलंय म्हणून येणारा माणूस बहुतेक वेळा उन्हातला असतो. शेतकरी, मच्छीमार, गवंडी, ऊसतोडणीला जाणारी बाई, दिवसभर दुचाकीवर फिरणारा विक्रेता. त्याला एकच विचारायचं असतं, ‘काढलं तर परत येईल का?’ या प्रश्नाचं उत्तर मांस किती सफाईने कापलं यापेक्षा कापल्यावर उघड्या पडलेल्या जागेवर काय बसवलं, यावर जास्त अवलंबून असतं. ऑपरेशनची तारीख घेताना रुग्ण भूल कोणती, खर्च किती, सुट्टी किती दिवस हे सगळं विचारतात, पण ‘जागा कशाने झाकणार?’ हे फार थोडे विचारतात. जागा झाकायला बसवलेल्या पातळ तुकड्याला ग्राफ्ट म्हणतात. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

हे मांस कापायची कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘अर्म’ या नावाने त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. मिठाच्या चूर्णाने ते सैल करायचं, आकड्याने उचलायचं, मंडलाग्र शस्त्राने कापायचं आणि काही अंश उरलाच तर अंजनाने घालवायचा, अशी कृतीही दिली आहे. कापण्याचं तत्त्व तेव्हापासून फारसं बदललेलं नाही. झाकण्याचं तंत्र मात्र खऱ्या अर्थाने गेल्या चाळीसेक वर्षांतलं आहे.

पहिली पायरी: ऑपरेशन लागणार आहे का, ते ठरवणं

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो, तो म्हणजे कंजंक्टायव्हा. बुबुळासमोर काचेसारखा स्वच्छ भाग असतो, तो कॉर्निया. कंजंक्टायव्हा जाड होऊन, रक्तवाहिन्या घेऊन कॉर्नियावर चढली की त्याला टेरिजियम म्हणतात. ते बहुधा नाकाच्या बाजूने येतं. कानाच्या बाजूने तिरपा येणारा प्रकाश कॉर्नियातून वळून नेमका नाकाकडच्या कडेवर एकवटतो, हे त्यामागचं एक सबळ कारण मानलं जातं. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ४० अंशांपर्यंतच्या पट्ट्यात हा विकार जास्त दिसतो. महाराष्ट्र आणि गोवा या पट्ट्यात पूर्णपणे येतात.

पांढऱ्या भागावर नुसता पिवळसर उंचवटा असेल आणि तो कॉर्नियावर चढलेला नसेल, तर तो पिंग्वेक्युला. त्याला सहसा चाकू लावायची गरज नसते. लहान, शांत, वर्षानुवर्षं जागचं न हललेलं टेरिजियमही डोळ्यांत ओलावा देणारे थेंब आणि गॉगल यांवर ठेवता येतं. दर सहा महिन्यांनी माप घ्या. नाहीतर मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवा. वाढ समजायला तेवढं पुरतं.

ऑपरेशन कधी करावं? मांस बाहुलीच्या दिशेने सरकत असेल, कॉर्निया ओढला जाऊन चष्म्याचा सिलिंडर नंबर वाढत असेल, डोळा वारंवार लाल होत असेल किंवा डोळा बाजूला वळवताना अडत असेल, तेव्हा. दिसायला वाईट दिसतं हेही कारण चालतं, पण अशा वेळी परत येण्याचा धोका रुग्णाला आधी नीट समजावून सांगायला हवा. मोतीबिंदूही असेल तर बहुधा टेरिजियम आधी काढतात आणि कॉर्नियाचा गोलावा स्थिर झाल्यावर, म्हणजे साधारण १ ते ३ महिन्यांनी, लेन्सचं माप घेतात. कॉर्निया ओढलेला असताना घेतलेलं माप चुकतं आणि त्या मापाची लेन्स आयुष्यभर डोळ्यात राहते.

इथे एक गोष्ट हलक्यात घेऊ नका. वाढ पांढरट खरखरीत दिसत असेल, जेलीसारखी मऊ असेल, एकदम वाढली असेल किंवा तिच्याकडे जाड रक्तवाहिन्या धावत असतील, तर ती टेरिजियमसारखी दिसणारी पृष्ठभागावरची गाठ असू शकते, कर्करोगाच्या वाटेवरचीसुद्धा. तिचं ऑपरेशन वेगळ्या पद्धतीने होतं. त्यामुळे काढलेला तुकडा फेकून न देता तपासणीला पाठवा, असं स्पष्ट सांगा.

जागा उघडी ठेवणं: जुनी पद्धत

मांस कापायचं आणि खालचा पांढरा स्क्लेरा तसाच उघडा सोडायचा. १९४८ साली डॉम्ब्रेन यांनी ही पद्धत मांडली. ती झटपट होते, स्वस्त पडते आणि शिकायलाही सोपी आहे. अडचण अशी की उघड्या जागेवर शरीर जखम भरायला धावतं आणि त्याच गडबडीत मांस पुन्हा कॉर्नियावर चढतं. १९९७ साली सिंगापूरच्या डोनाल्ड टॅन आणि सहकाऱ्यांनी एक तुलना प्रसिद्ध केली. पहिल्यांदाच ऑपरेशन झालेल्या डोळ्यांत जागा उघडी ठेवलेल्यांपैकी ६१ टक्क्यांत मांस परत आलं, रुग्णाच्याच कंजंक्टायव्हाचा ग्राफ्ट लावलेल्यांत फक्त २ टक्क्यांत. प्रत्येक अभ्यासातले आकडे वेगळे असतात, पण दिशा सगळीकडे हीच. अमेरिकन नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१३ मधल्या आढाव्यात असाच निष्कर्ष काढला.

परत आलेलं टेरिजियम पहिल्यापेक्षा जास्त चिवट असतं. ते खालच्या थराला चिकटतं, व्रण करतं, कधी डोळा आतल्या बाजूला ओढणाऱ्या स्नायूलाही गुंतवतं. म्हणून माझं मत ठाम आहे: स्वस्तात आणि दहा मिनिटांत होतंय म्हणून फक्त कापून देणाऱ्या ऑपरेशनला होकार देऊ नका, विशेषतः वय कमी असेल आणि मांस जाड, लालभडक असेल तर.

स्वतःच्या कंजंक्टायव्हाचा ग्राफ्ट

आज सर्वांत भरवशाचा पर्याय हाच. १९८५ साली केन्यन, वॅगनर आणि हेटिंजर यांनी तो सविस्तर मांडला. पुढारलेल्या आणि परत आलेल्या टेरिजियमवर तो वापरूनही पुनरावृत्ती, म्हणजे मांस परत येणं, ५.३ टक्के एवढीच होती.

पद्धत अशी. मांस काढून जागा साफ झाली की तिचं माप घेतात. मग त्याच डोळ्याच्या वरच्या, कानाकडच्या भागातून, पापणीखाली झाकलेल्या जागेतून, कंजंक्टायव्हाचा पातळ तुकडा सोलून काढतात. खालचा टेनन नावाचा चिवट थर त्याला चिकटून येता कामा नये. तो आला की ग्राफ्ट नंतर आकसतो आणि जाडजूड दिसतो. ग्राफ्ट जागेपेक्षा सुमारे अर्धा ते एक मिलीमीटर मोठा घेतात. त्याचा बुबुळाकडचा काठ नव्या जागीही बुबुळाकडेच येईल आणि वरची बाजू वरच राहील, याची काळजी घेतात. पातळ ग्राफ्ट सहज उलटतो आणि उलटा बसला तर जगत नाही. म्हणून अनुभवी सर्जन तो उचलण्याआधीच त्यावर शाईची खूण करतात. जिथून तुकडा घेतला ती जागा दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरते.

याचाच एक प्रकार म्हणजे लिंबससह ग्राफ्ट. कॉर्निया आणि पांढरा भाग यांच्या सीमेवरच्या पट्टीला लिंबस म्हणतात. तिथल्या मूळपेशी कॉर्नियाचा पृष्ठभाग स्वच्छ ठेवतात. शेताचा बांध शाबूत असला की हरळी आत शिरत नाही, आणि बांध फुटला की नांगरून काढलेली हरळीसुद्धा पुन्हा पसरते, तसंच इथे आहे. म्हणून काही सर्जन ग्राफ्टबरोबर लिंबसची बारीक पट्टीही घेतात. वारंवार उगवलेल्या टेरिजियममध्ये याचा उपयोग होतो. पण चांगल्या लिंबसमधून खोलवर पट्टी घेतली तर तिथे नवी अडचण उभी राहू शकते. पहिल्याच ऑपरेशनला सरसकट हे करायची गरज मला वाटत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचे लॉरेन्स हर्स्ट यांनी हा विचार टोकाला नेला. टेनन थर खूप लांबपर्यंत काढायचा आणि तेवढाच मोठा ग्राफ्ट टाक्यांनी बसवायचा. १००० ऑपरेशनांच्या मालिकेत त्यांना एकदाच पुनरावृत्ती आढळली. एवढा निकाल सगळ्यांना जमेल असं नाही, कारण वेळही जास्त लागतो आणि हातही तयार हवा. तरी एक धडा सर्वांना लागू होतो: ग्राफ्टची पद्धत कोणतीही असो, खालचा टेनन थर आळसाने ठेवला की मांस परत येण्याची शक्यता वाढते.

गर्भवेष्टनाचा पडदा: अ‍ॅम्निऑटिक मेम्ब्रेन

बाळाभोवती गर्भजलाची पिशवी असते, तिचा सर्वांत आतला पडदा म्हणजे अ‍ॅम्निऑन. नियोजित सिझेरियनच्या वेळी आईच्या संमतीने तो घेतात. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांच्या तपासण्या करतात आणि तो गोठवून किंवा सुकवून जपतात. डोळ्यावर त्याचा पहिला वापर १९४० साली डी रॉथ यांनी केला, पण प्रसार १९९५ नंतर झाला. तो सूज कमी करतो, व्रण आटोक्यात ठेवतो आणि वर पेशी वाढायला गादी देतो.

मोठा फायदा असा की रुग्णाच्या डोळ्यातून काहीच घ्यावं लागत नाही. आणि मर्यादा? मायामीच्या बास्कॉम पामर संस्थेतल्या प्रभासावत आणि सहकाऱ्यांच्या १९९७ च्या अभ्यासात पहिल्यांदाच होणाऱ्या टेरिजियममध्ये पडदा लावल्यावर पुनरावृत्ती १०.९ टक्के होती, स्वतःचा ग्राफ्ट लावल्यावर २.६ टक्के. आधीच परत आलेल्या टेरिजियममध्ये हेच प्रमाण ३७.५ आणि ९.१ टक्के होतं. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात २० अभ्यास पाहिले, तेव्हाही सहा महिन्यांनंतर स्वतःचा ग्राफ्ट सरस ठरला.

मग पडदा कधी? डोळ्याच्या दोन्ही बाजूंनी मांस आलेलं असेल, जागा फार मोठी असेल, आधीच्या ऑपरेशनांनी कंजंक्टायव्हा व्रणाने भरलेली असेल किंवा वरचा भाग राखून ठेवायचा असेल, तेव्हा. काचबिंदूच्या रुग्णाला पुढे पाण्याच्या निचऱ्याचं ऑपरेशन लागू शकतं आणि त्यासाठी वरची कंजंक्टायव्हा अनमोल असते. अशा रुग्णात खालच्या बाजूने ग्राफ्ट घेता येतो किंवा पडदा वापरता येतो. तुम्हाला काचबिंदू असेल किंवा घरात कोणाला असेल, तर हे सर्जनला तोंडाने सांगाच.

ग्राफ्ट चिकटवायचा कशाने: टाके, ग्लू की रक्त

टाके ही जुनी, खात्रीची रीत. ८-० व्हिक्रिल हा धागा आपोआप विरघळतो, १०-० नायलॉनचे टाके नंतर काढावे लागतात (आकडे धाग्याच्या जाडीचे). ग्राफ्ट घट्ट बसतो, पण पहिले आठ-दहा दिवस डोळ्यात खडा गेल्यासारखं टोचतं, पाणी येतं, डोळा उघडवत नाही.

फिब्रिन ग्लूमध्ये दोन घटक असतात: फिब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन. ते ग्राफ्टखाली एकमेकांना भेटले की रक्त गोठण्याची शेवटची पायरी तिथेच घडते आणि थोड्याच वेळात ग्राफ्ट चिकटतो. २००४ मध्ये स्वीडनच्या कोरान्यी यांनी दाखवलं की ऑपरेशनचा वेळ जवळपास निम्म्यावर येतो आणि दुखणंही कमी राहतं. कॉक्रेनच्या दुसऱ्या एका आढाव्यात ग्लूने पुनरावृत्तीही टाक्यांपेक्षा कमी आढळली, मात्र ग्राफ्ट सुटणं, आकसणं, बारीक गाठ येणं असे त्रास काहीसे जास्त. ग्लू माणसाच्या प्लाझ्मापासून बनतो. त्यावर विषाणू नष्ट करायची प्रक्रिया होते, तरी धोका पूर्ण शून्य म्हणता येत नाही. काही ग्लूंमध्ये अ‍ॅप्रोटिनिन हा गुरांपासून मिळवलेला घटक असतो. त्याची अ‍ॅलर्जी असेल किंवा तो तुमच्या तत्त्वात बसत नसेल, तर आधी बोला. बिलातही ग्लूची रक्कम वेगळी आणि ठसठशीत दिसते.

तिसरी रीत रुग्णाच्याच रक्ताची. २०१० मध्ये डी विट आणि सहकाऱ्यांनी १५ डोळ्यांवर ती मांडली. मांस काढलेल्या जागेतून झिरपणारं थोडं रक्त डागून न थांबवता तसंच राहू देतात, त्यावर ग्राफ्ट पसरतात, कडा जुळवतात आणि आठ-दहा मिनिटं न हलवता ठेवतात. खर्च नाही, बाहेरचा कोणताही पदार्थ नाही. गावाकडच्या रुग्णालयांसाठी ही पद्धत मला मनापासून आवडते. पण पहिल्या एक-दोन दिवसांत ग्राफ्ट सरकण्याची किंवा आकसण्याची शक्यता ग्लूपेक्षा जास्त असते. डोळा चोळणारा, पट्टी काढून बघणारा, धुळीत परतायची घाई असलेला रुग्ण असेल तर टाके किंवा ग्लू बरा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या स्वतःहून बंद करू नका.

मायटोमायसिन: जपून

हे औषध वाढणाऱ्या पेशी रोखतं. ऑपरेशनच्या वेळी ०.०२ टक्क्यांचा स्पंज दोन-तीन मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुतात. परत आलेल्या, चिवट टेरिजियममध्ये ग्राफ्टच्या जोडीला त्याचा उपयोग आहे. उघड्या जागेवर ग्राफ्टऐवजी ते लावणं मात्र मला मान्य नाही. स्क्लेरा पातळ होऊन विरघळणं, कॉर्नियाला छिद्र पडणं असे परिणाम नोंदलेले आहेत आणि ते कधी कधी वर्षांनंतर दिसतात. घरी टाकायला मायटोमायसिनचे थेंब दिले तर पुन्हा एकदा डॉक्टरांना विचारा.

कोणासाठी काय

वय चाळिशीच्या आत, मांस जाड आणि लाल, पहिलंच ऑपरेशन: स्वतःचा ग्राफ्ट, ग्लूने किंवा रक्ताने, टेनन नीट साफ करून. इथे तडजोड नको.

वयस्कर रुग्ण, मांस पातळ, खालच्या रक्तवाहिन्या त्यातून दिसतात: याची परत येण्याची प्रवृत्ती मुळातच कमी असते. तरीही शक्यतो स्वतःचाच ग्राफ्ट.

परत आलेलं टेरिजियम: स्वतःचा मोठा ग्राफ्ट, गरज असेल तर लिंबससह, कधी मायटोमायसिन. हे कॉर्नियाच्या तज्ज्ञाकडेच करून घ्या, कारण गुंतलेल्या स्नायूला इजा होण्याचा धोका असतो.

दोन्ही बाजूंनी मांस: एका बाजूला ग्राफ्ट आणि दुसऱ्या बाजूला पडदा, किंवा एकच ग्राफ्ट दोन भागांत. काचबिंदू: वर लिहिल्याप्रमाणे खालून ग्राफ्ट किंवा पडदा.

खर्चाची अडचण असेल तर आयुष्मान भारत किंवा महात्मा फुले योजनेत ग्राफ्टसह ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. ‘ग्राफ्टसह’ हा शब्द विसरू नका.

ऑपरेशनचा दिवस

सकाळी डोकं धुऊन या, काजळ लावू नका, चालू गोळ्यांची यादी बरोबर ठेवा. भूल जागेपुरतीच असते, थेंबांनी, कंजंक्टायव्हाखाली किंवा डोळ्याशेजारी इंजेक्शनने. कॉर्नियावर चढलेलं मांसाचं टोक आधी सोडवतात, मग पाठीमागचा भाग कापतात, कॉर्निया ब्लेडने किंवा डायमंड बर या बारीक फिरत्या हत्याराने गुळगुळीत करतात. कॉर्नियाची जागा जितकी गुळगुळीत, तितकी ती लवकर भरते आणि नंतर नंबर कमी राहतो. मग माप, ग्राफ्ट, चिकटवणं आणि पट्टी. पट्टी साधारण २४ तास ठेवतात, रक्ताने चिकटवला असेल तर कधी ४८.

नंतरचे महिने

पट्टी निघाल्यावर आरशात बघून घाबरू नका. पहिल्या आठवड्यात ग्राफ्ट सुजलेला, लाल, फुगलेला दिसतो. वरच्या पापणीखालची जिथून तुकडा घेतला ती जागा अनेकदा जास्त दुखते. कॉर्नियाची जागा बहुधा पहिल्या आठवड्यात भरते आणि त्यानंतर बराच आराम पडतो.

स्टिरॉइडचे थेंब सहा ते आठ आठवडे हळूहळू कमी करत चालतात. ते मधेच सोडू नका, आणि ‘बरं वाटतं’ म्हणून मेडिकलमधून नवी बाटली आणून पुढेही चालू ठेवू नका. स्टिरॉइडने काही डोळ्यांत दाब वाढतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला दाब मोजून घ्यायचा. डोळा अजिबात चोळायचा नाही. झोपताना पंधरा दिवस प्लास्टिकचं झाकण लावा. शेतातली धूळ, चुलीचा धूर, विहिरीत किंवा नदीत पोहणं किमान महिनाभर टाळा. पुढे आयुष्यभर कडेने झाकणारा गॉगल आणि रुंद काठाची टोपी.

दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं, दिसणं अंधूक झालं, पिवळा घाण स्राव आला किंवा ग्राफ्टचा काठ सुटून लोंबताना दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा. पहिल्या दोन-तीन दिवसांत सुटलेला ग्राफ्ट बहुधा पुन्हा बसवता येतो.

मांस परत यायचं असेल तर ते लवकर येतं, बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत. हर्स्ट यांच्याच १९९४ च्या अभ्यासात जवळपास सर्व पुनरावृत्ती, ९७ टक्के, पहिल्या वर्षात झाल्या. त्यामुळे पहिला आठवडा, पहिला महिना, तिसरा, सहावा आणि बारावा महिना या भेटी चुकवू नका. ग्राफ्टमध्ये बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या म्हणजे लगेच दुसरं ऑपरेशन असं नसतं. त्या कॉर्नियापर्यंत पोहोचायच्या आत स्टिरॉइडचे थेंब किंवा त्या जागी ५-फ्लुरोयुरॅसिल या पेशींची वाढ रोखणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देऊन वाढ थोपवायचा प्रयत्न करता येतो. कॉर्नियावर मांस खरोखर चढलंच, तर डोळा पूर्ण शांत होईपर्यंत, साधारण सहा महिने, थांबून मगच पुन्हा हात घालतात. तेव्हा नव्या सर्जनला तुमचं डिस्चार्ज कार्ड लागेल: ग्राफ्ट कुठून घेतला, कशाने चिकटवला, मायटोमायसिन वापरलं का आणि तपासणीच्या अहवालात काय आलं. हे सगळं कार्डावर लिहून घेतल्याशिवाय पहिल्या रुग्णालयातून घरी निघू नका.